खंड्याची पालखी आणि कृष्णीचे घर

साताऱ्याहून पूर्वेकडे निघाले म्हणजे कोस-दीड कोसावर माहुली लागते. कृष्णा आणि वेण्णा यांचा येथे संगम. नदीच्या अलीकडे संगम माहुली, पलीकडे क्षेत्र माहुली. काळ्या दगडाची देवळे, उतरते घाट, दीपमाळा. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे याच माहुलीचे. महाराणी ताराबाईंची समाधी येथे आहे, थोरल्या शाहू महाराजांची आहे; आणि त्यांच्याच सोबतीला एक समाधी कुत्र्याची आहे.

लहानपणी वडिलांच्या बोटाला धरून मी प्रथम माहुलीला गेलो, तेव्हा राजाराण्यांच्या समाध्यांपुढे मी मुकाट्याने हात जोडले. परंतु मनात भरला तो खंड्या! घरी परतताना वडिलांना मी एकच प्रश्न पुन:पुन्हा विचारीत होतो, "कुत्र्याची समाधी बांधतात?" वडील म्हणाले, "राजाने मनात आणले तर बांधतात." हे उत्तर मला त्या वेळी पुरले. पुढे मात्र ते अपुरे वाटू लागले; कारण राजाच्या मनात कुत्रा यावा कसा आणि ज्यांच्यासाठी राजा नाही त्या कुत्र्यांचे काय, असा दुसरा प्रश्न त्याच्या पोटात दडलेला होता.

प्रथम खंड्याची हकीकत. शाहू महाराज शिकारीचे मोठे शौकीन. एकदा वाघाच्या शिकारीत प्रसंग जिवावर बेतला आणि या कुत्र्यामुळे महाराज वाचले. ही नुसती पारावरची कथा आहे असे कोणी समजू नये. ग्रँट डफ हा १८१८ पासून १८२२ पर्यंत साताऱ्याच्या दरबारी इंग्रजांचा रेसिडेंट होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ साली छापून निघाला, त्यात ही हकीकत आहे. महाराजांनी कुत्र्याला रीतसर सनद करून जहागीर दिली, पालखीचा मान दिला आणि त्या पालखीचा सरंजामही चालू ठेवला, असे डफ लिहितो. शाहू महाराज वारले १७४९ च्या डिसेंबरात. डफ साताऱ्यास आला तेव्हा त्या गोष्टीला सत्तर वर्षेही झाली नव्हती. त्या पालखीचे किस्से आजोबांच्या तोंडून ऐकलेली माणसे त्याला भेटली असली पाहिजेत.

दुसरी गोष्ट त्याहून मौजेची. कोणी एक सरदार (लोक इंद्रोजी कदमांचे नाव घेतात) मोठ्या थाटाने, जडजवाहीर लेवून दरबारात भेटीला यायचे होते. महाराजांची राहणी साधी. त्यांनी काय करावे? आपल्या कुत्र्याला जरीची झूल घातली, अंगावर दागिने चढविले आणि स्वत:ची पगडी काढून त्याच्या डोक्यावर ठेवली! अशा थाटात त्या सरदाराची भेट झाली. त्यानंतर महाराजांनी पगडी पुन्हा कधी डोक्यावर घेतली नाही असे डफ सांगतो. डफला हा सगळा लहरीपणा वाटतो. मला तसे वाटत नाही. ज्याला आपली किंमत अंगावरच्या मोत्यांनी ठरवून हवी होती, त्याला महाराजांनी एक अक्षर न बोलता जे ऐकवायचे ते ऐकविले.

आणखी एक गोष्ट मला नेहमी आठवते. शाहू सात वर्षांचे असताना, १६८९ साली, रायगड पडला आणि मातोश्री येसूबाईंसह ते मोगलांच्या कैदेत गेले. सुटले १७०७ मध्ये. अठरा वर्षे परक्याच्या छावणीत, परक्याच्या अन्नावर, उद्या काय होईल हे ठाऊक नसताना काढलेला हा मुलगा. १७०८ च्या जानेवारीत साताऱ्यास त्यांना राज्याभिषेक झाला. अशा माणसाला मुक्या जनावराच्या सोबतीची माया जास्त असावी, हा माझा आपला तर्क. कागदाचा आधार मागाल तर मजजवळ तो नाही.

येथे कोणी रायगडच्या वाघ्याचे नाव काढील. त्याचे स्मारक १९३६ साली झाले आणि त्यावरून जे वाद झाले ते सर्वांना ठाऊक आहेत. शिवकालीन कागदात त्याचा पत्ता लागत नाही एवढे सांगून मी त्या वादातून अंग काढून घेतो. आपल्याला माहुलीचा खंड्या पुरेसा आहे.

परंतु खंड्या हा मालकाचा कुत्रा. बेवारशी कुत्र्याचे आमच्याकडे काय स्थान होते? मोठे चमत्कारिक होते खरे. एकीकडे 'हाड' म्हणून दगड, दुसरीकडे देवाची सोबत. दत्ताच्या पायाशी चार कुत्री बसलेली आपण औदुंबरला आणि नरसोबाच्या वाडीला पाहतो. त्यांना चार वेद म्हणतात. कऱ्हाडजवळच्या पालीला खंडोबाची मोठी यात्रा भरते. त्या देवाबरोबरही कुत्रा असतोच आणि देवाला वाहिलेले वाघे स्वत:ला त्याचा कुत्रा म्हणवून घेतात. नामदेवांची कथा तर प्रत्येक कीर्तनात निघते. कुत्र्याने पोळी पळविली, नामदेव तुपाची वाटी घेऊन मागे धावले. कोरडी खाऊ नकोस म्हणाले! श्रोते टाळ्या वाजवितात आणि घरी जाताना वाटेत आडव्या आलेल्या कुत्र्याला काठी हाणतात. मीही हाणली आहे. उगाच साळसूदपणा कशाला?

तरीही एक व्यवस्था होतीच. गावातला कुत्रा एका घरचा नसे, तो आळीचा असे. सकाळी एका दारी शिळी भाकरी, संध्याकाळी दुसऱ्या दारी ताक-कण्या. त्याच्या बदल्यात रात्री तो पहारा करी. मालक कोण, या प्रश्नाला उत्तर नव्हते आणि कोणी विचारीतही नसे.

हा प्रश्न प्रथम सरकारी भाषेत विचारला गेला तो मुंबईत. बेवारशी कुत्री मारण्याचा कंपनी सरकारचा हुकूम होता आणि मारणाऱ्याला कुत्र्यामागे आठ आणे मिळत. पैसा दिसला की माणसाची दृष्टी अधू होते. कुत्रे बेवारशी आहे की घरचे हे पाहण्याची तसदी कोण घेतो? घराच्या उंबऱ्यातून कुत्री ओढून नेऊ लागले. १८३२ च्या जून महिन्यात, ऐन सणाच्या दिवशी, पारशी मंडळी खवळली. पारशी धर्मात कुत्र्याला पवित्र स्थान आहे. शिपायांना मार बसला; दुसऱ्या दिवशी बाजार बंद राहिला आणि इतर समाजही त्यात सामील झाले. किल्ल्यातल्या गोऱ्या लोकांना पाव आणि पाणी मिळेना. मुंबईतला हा पहिलावहिला मोठा बंद कुत्र्यांसाठी झाला, हे आज किती मुंबईकरांना ठाऊक आहे? पुढे १८३४ साली सर जमशेटजी जीजीभाई आणि अमीचंद शहा यांच्या पुढाकाराने मुंबईचा पांजरपोळ उभा राहिला, त्याची एक मुळी या दंग्यात आहे.

पांजरपोळ ही फार दयाळू कल्पना. जनावर आत आले की मरेपर्यंत त्याला दाणापाणी. पण तिला एक उणीव आहे: आत येण्याला दार आहे, बाहेर जाण्याला नाही. गाय त्यात समाधानाने राहील. कुत्र्याचे तसे नाही. त्याला चारा-पाण्याइतकेच माणूस लागते.

बाहेर जाण्याचे दार काढले ते एका इंग्रज बाईने. मेरी टील्बी तिचे नाव. १८६० साली लंडनच्या हॉलोवे भागात तिने हरवलेल्या आणि उपाशी कुत्र्यांसाठी तात्पुरते घर काढले. 'तात्पुरते' या शब्दावर माझा कटाक्ष आहे. कुत्रा येथे राहायला आलेला नाही. त्याचा मालक सापडेपर्यंत, नाहीतर नवा मिळेपर्यंत, तो येथे थांबला आहे. लोकांनी टिंगल केली. पण १८६२ साली डिकन्सच्या साप्ताहिकात तिच्या बाजूने लेख आला आणि १८७१ मध्ये ही संस्था बॅटरसी येथे गेली. ती आजही तेथे आहे. मात्र चित्राची काळी बाजूही सांगितली पाहिजे. ज्यांना कोणी नेले नाही अशा असंख्य कुत्र्यांना तेथे वर्षानुवर्षे मारून टाकले जात असे. दार उघडे होते, पण ते सर्वांना पुरत नव्हते.

आमच्या देशाने तिसरा रस्ता धरला. रुक्मिणीदेवी अरुंडेल यांनी राज्यसभेत चिकाटी धरली, त्यातून १९६० चा प्राणी-छळ प्रतिबंधक कायदा झाला. त्याखाली २००१ साली नियम झाले: कुत्रा पकडावा, त्याची नसबंदी करावी, रेबीजची लस टोचावी, खूण म्हणून कानाचे टोक छाटावे आणि जिथून आणला तिथेच सोडावा. २०२३ मध्ये हे नियम नव्याने झाले. म्हणजे आळीचा कुत्रा आळीतच. विचार शहाणपणाचा आहे. अंमल मात्र नगरपालिकांच्या तिजोरीवर आणि मर्जीवर. चावलेल्या पोराच्या आईला हे नियम वाचून दाखवून भागत नाही, हेही खरे. पाश्चरने १८८५ साली रेबीजवर लस काढली, आणि तरी जगातल्या रेबीजच्या मृत्यूंपैकी तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आपल्या देशात होतात असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. कुत्र्याविषयी लिहिणाऱ्याने ही गोष्ट पदराखाली झाकू नये.

मग २०२५ साल आले. ११ ऑगस्टला सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली भागातली सगळी मोकाट कुत्री निवाऱ्यात नेण्याचा हुकूम केला. देशभर गदारोळ झाला. २२ ऑगस्टला तो बदलून, पिसाळलेली वा हिंस्र कुत्री वगळता बाकीची लस टोचून परत सोडावीत असे ठरले. आणि ज्याला कुत्रा पाळायचा असेल त्याने पालिकेकडे अर्ज करून न्यावा, पण तो पुन्हा रस्त्यावर येता कामा नये, असेही म्हटले. ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, एस.टी. स्थानके, रेल्वे स्थानके येथील कुत्री हलवून निवाऱ्यातच ठेवण्याचा आदेश झाला. फिरून फिरून आपण पांजरपोळाच्या त्या एकाच दारापाशी येऊन उभे राहिलो आहोत. निवारा भरणार, मग बाहेर जाण्याचे दार कोणते? घर. त्या घराची गोष्ट आता सांगतो.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेला पूर आला. सांगलीच्या आयर्विन पुलापाशी पाणी साडेसत्तावन्न फुटांच्या आसपास चढले. धोक्याची पातळी पंचेचाळीस फूट. माणसे नावांतून निघाली, गुरे माळावर गेली, आणि कुत्री पत्र्यांवर राहिली. माझी पुतणी तेव्हा सांगलीस शिकत होती. पाणी ओसरल्यावर तिने आणि तिच्या मैत्रिणींनी एका रिकाम्या गोदामात अशी दहा-बारा कुत्री आणून ठेवली. सांगलीत जनावरांसाठी काम नवीन नाही. २००३ पासून 'अ‍ॅनिमल राहत' ही संस्था तेथे आहे. कारखान्यांच्या उसाच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांपासून तिने सुरुवात केली. पण या मुली कोणा संस्थेच्या नव्हत्या; वर्गणी काढून त्यांचे चालले होते.

त्यात एक तांबूस कुत्री होती. दोन दिवस पत्र्यावर काढलेली. मुलींनी तिचे नाव ठेवले कृष्णी. अंगाने बरी, खायला बरी, माणसाला चाटणारी; पण बादलीत नळ सोडला की ती थरथरू लागे, लघवी करी आणि कोपऱ्यात डोके खुपशी. मुलींना वाटले, वेडी झाली.

मला तेव्हा पावलोव्ह आठवला. १९२४ च्या सप्टेंबरात लेनिनग्राडला पूर आला. पावलोव्हच्या प्रयोगशाळेतली कुत्री पिंजऱ्यांत अडकली. नोकरांनी त्यांना पाण्यातून पोहवत बाहेर काढले. सगळी वाचली. पण महिनोन् महिने शिकविलेले धडे त्यांतली काही पार विसरली होती. एक कुत्रा पुष्कळ दिवसांनी सावरला, तेव्हा दाराखालून थोडेसे पाणी खोलीत सोडून पाहिले; तो पुन्हा ढासळला. जगातला सर्वांत प्रसिद्ध कुत्र्यांचा जाणकार आणि त्यालाही पुरानेच शिकविले की भीती ही विसरायला सांगून विसरता येत नाही. हे मी पुतणीला पत्राने कळविले. तिने उलट फोन केला, "काका, मग करायचे काय ते सांगा!"

काय करायचे ते पुढच्या शास्त्रज्ञांनी बरेच शोधून ठेवले आहे. १९६१ साली अमेरिकेत एक प्रयोग झाला. माणसाचा हात न लागता कुंपणात वाढलेली पिले चौदा आठवड्यांची झाल्यावर माणसाळणे फार कठीण गेले. म्हणून पिलाला पहिल्या तीन महिन्यांत माणसे, आवाज, जिने, मोटारी यांची ओळख झाली तर पुढचे अर्धे काम झाले. मोठ्या कुत्र्याचे वेगळे. अमेरिकेतल्याच डेटन शहराच्या निवाऱ्यात हेनेसी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्या कुत्र्यांचे रक्त तपासले, तेव्हा पहिल्या तीन दिवसांत त्यांच्यातील ताणाचे संप्रेरक घरच्या कुत्र्यांच्या जवळजवळ तिप्पट निघाले. म्हणजे निवाऱ्यात पाहायला आलेल्या पाहुण्याला पहिल्या दिवशी जो कुत्रा दिसतो, तो खरा कुत्रा नव्हेच. इस्पितळात भेटून मुलगी पसंत करावी तसला तो प्रकार! आणि आपल्या बंगाल्यातली गोष्ट तर फार गोड आहे. कोलकात्याच्या अनिंदिता भद्रा यांच्या गटाने २०१७ साली दाखविले, की अनोळखी माणसावर विश्वास ठेवायला रस्त्यावरच्या कुत्र्याला खाऊपेक्षा पाठीवरून फिरलेला हात अधिक लवकर राजी करतो.

मुलींनी कृष्णीला रोज एकाच वेळी, एकाच मुलीने फिरवायचे ठरविले. खाणे हातातून. भीतीने कोपऱ्यात गेली तर ओढायचे नाही. महिनाभरात ती दोरी ओळखू लागली, बस म्हटले की बसू लागली. पाण्याचे मात्र तसेच राहिले.

पहिले घर मिळाले सांगलीतच. माणसे चांगली, तीन लहान मुले. परंतु तीन मुलांच्या घरात दिवसभर नळ, बादल्या, धुणी. आठव्या दिवशी कृष्णी जाळी फाडून पळाली. सापडली तेव्हा पंजे रक्ताळले होते. परत आली. दुसरे घर साताऱ्यातला एक बंगला. त्यांना राखण हवी होती. दिवसभर साखळी, रात्री अंगण. ती भुंकेना! यजमानांनी महिन्याने परत धाडली. वर निरोप की 'कुत्रे मुके आहे'. पुतणी रडली. दोनदा परत आलेल्या कुत्र्याला तिसऱ्यांदा कोण विचारतो?

माझा राग त्या दोन्ही घरांवर नाही. घर वाईट नव्हते, जोड चुकली होती. आपण मुलीचे लग्न ठरविताना दहा ठिकाणी चौकशी करतो, आणि कुत्रा देताना 'जागा आहे का' एवढेच विचारतो. जागेपेक्षा दिवस कसा जातो ते विचारावे. घरात कोण, किती वेळ, कसले आवाज, कुत्र्याकडून अपेक्षा काय. धावऱ्या कुत्र्याला दुसऱ्या मजल्यावरच्या आजी-आजोबांकडे देऊ नये आणि बुजऱ्याला पहाऱ्यावर नेमू नये.

या वेळी मी स्वत: मध्ये पडलो. माझे एक जुने स्नेही, निवृत्त मास्तर, माण तालुक्यात एकटे राहतात. पत्नी गेल्यापासून घरात आवाज कसला तो नाही. आणि माण! पाण्याला भिणाऱ्या जीवाला साऱ्या सातारा जिल्ह्यात याहून सुरक्षित तालुका कोणता? ओढा वाहिला तर लोक नारळ घेऊन पाहायला जातात. हे मी थट्टेने म्हटले, पण गुरुजींनी गंभीरपणे ऐकले. म्हणाले, "आणा. पण आधी पंधरा दिवस म्हणून आणा. तिला मी पटलो पाहिजे." एवढे शहाणपण मला दोन्ही आधीच्या घरी भेटले नव्हते.

२०२० च्या फेब्रुवारीत आम्ही तिला पोचविले. पहिले तीन दिवस ती बाजेखाली. गुरुजींनी बोलावले नाही. जवळ बसून मोठ्याने वर्तमानपत्र वाचीत राहिले. चौथ्या दिवशी ती बाहेर आली. पुढे मार्चात टाळेबंदी लागली आणि पंधरा दिवसांचे कित्येक महिने झाले.

उन्हाळ्यात गावात टँकर येऊ लागला. पाण्याचा तो धबधबा! कृष्णी पुन्हा कोपऱ्यात. गुरुजींनी शाळेतला जुना उपाय केला, अवघड गणिताचे तुकडे पाडले. टँकर आला की ते तिला घेऊन दूर बांधावर जात, जिथून आवाज जेमतेम येई, आणि तिथे भाकरी-दुधाचा एकेक घास देत. आवाज थांबला की घास बंद. आठवड्याला दहा-वीस पावले जवळ. कधी घाई झाली, ती बिथरली, की पुन्हा मागे. जून उजाडला तेव्हा टँकरचा भोंगा ऐकून ती स्वत:च बांधाकडे पळू लागली. तिला वाटे, जेवण आले! हे सारे त्यांनी कुठल्या पुस्तकात वाचले नव्हते. मी नंतर त्यांना पावलोव्हची हकीकत सांगितली, तर म्हणाले, "त्याने दाराखालून पाणी कशाला सोडले? जरा लांबून सोडायचे होते."

त्या दिवाळीत मी आणि पुतणी त्यांच्याकडे मुक्कामाला होतो. गुरुजींनी वाडीतल्या पोरांना फराळाचे डबे आधीच वाटून फटाके दूर माळावर उडविण्याचा तह केला होता. नरकचतुर्दशीच्या पहाटे बंब पेटला. उटणे लावून गुरुजी न्हाणीघरात गेले आणि घंगाळातले पाणी तांब्याने अंगावर घेऊ लागले. पुतणीने माझा हात धरला. कृष्णी अंगणातून उठली, कान मागे टाकून न्हाणीघराच्या दारापर्यंत आली, थांबली; मग उंबऱ्याशी अंग टाकून तिने तोंड पुढच्या पायांवर ठेवले. आतून पाण्याचा आवाज येत होता. गुरुजी बाहेर आले तेव्हा तिने त्यांच्या पोटरीवर राहिलेले उटणे चाटून पाहिले, शिंकली, आणि बंबाच्या उबेला जाऊन झोपली.